पद्मिनीला इंजेक्शन बसवायचं, की कार्बोरेटरच नीट करायचा? कोल्हापुरातल्या एका गाडीचं प्रकरण

गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. इंजिन चार सिलिंडरचं, १,०८९ सीसी, ६८ मिमी बोअर आणि ७५ मिमी स्ट्रोक. वर एका बॅरलचा सोलेक्स कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग), इग्निशन पॉइंटचं, पेट्रोलपंप कॅमवर चालणारा मेकॅनिकल. गावात आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या, अधूनमधून पन्हाळा आणि वर्षातून काही वेळा आंबा घाट उतरून कोकण, एवढा वापर.

मालकांच्या तक्रारी अशा. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आधी अडखळते, मग उचलते. वाघबीळवरून पन्हाळ्याकडे चढताना तिसऱ्या गिअरला खडखड ऐकू येते. एप्रिल-मे महिन्यात रंकाळ्यावर दहा मिनिटं थांबून परत स्टार्टर मारला तर इंजिन पकडत नाही, आणि पकडलं की सायलेन्सरमधून काळा धूर. ॲव्हरेज लिटरला ९ किलोमीटर. अगोदर दोन गॅरेजमध्ये कार्बोरेटर ‘ओव्हरऑइल’ (ओव्हरहॉल) झाला होता, तरी फरक नव्हता. त्यावर मालकांचं म्हणणं सरळ होतं: “इंजेक्शन बसवून टाकलं तर कटकटच मिटेल की.”

इंजेक्शन म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हिशेबानं पेट्रोल फवारणारी यंत्रणा. ही मागणी आता बऱ्याच जुन्या गाड्यांच्या बाबतीत होते, आणि ती मूर्खपणाची अजिबात नाही. पण ज्या इंजिनात हवा चोरवाटेनं शिरते आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पुढे सरकत नाही, त्यावर इंजेक्शन बसवलं तर तेच दोष जास्त खर्चात तसेच राहतात. म्हणून आधी इंजिन जसं आहे तसं मोजायचं ठरलं.

इंजिनची नाडी

सुरुवात कॉम्प्रेशनपासून. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. आकडे ९.२, ९.०, ८.८ आणि ९.१ किलो प्रति चौ. सेंमी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे. इथली हवा जवळजवळ ६ टक्के विरळ, त्यामुळे गेजवर आकडा तेवढा कमीच दिसणार. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत हे महत्त्वाचं. रिंगा आणि व्हॉल्व्ह ठीक, इंजिन खोलायची गरज नाही. टॅपेट (व्हॉल्व्हच्या फटी) कंपनीच्या मापाला लावून घेतले; दोन एक्झॉस्ट टॅपेट घट्ट निघाले.

मग इग्निशन. कार्बोरेटरला हात लावण्याआधी इग्निशन, हा क्रम उलटा केला की काम दुप्पट होतं. पॉइंटचा गॅप ०.४५ मिमी ठेवून ड्वेल (पॉइंट बंद राहण्याचा कोन) मोजला तर ६० अंशांच्या आसपास, ठीक. आरपीएम वाढवल्यावर तो दोन अंशांपेक्षा जास्त हलला नाही, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बुशमध्ये डुलत नव्हता. खरा दोष टायमिंग लाइटनं दाखवला. आयडलला खूण बरोबर जागी, पण इंजिन २,५०० आरपीएमवर नेलं तरी खूण जेमतेम सरकली. डिस्ट्रिब्युटरची बेसप्लेट काढल्यावर आतली ॲडव्हान्सची, म्हणजे वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी, वजनं वाळलेल्या ग्रीसमध्ये चिकटलेली दिसली. ती केरोसिननं धुतली, पिनांना पातळ तेलाचा एक-एक थेंब दिला, दोन्ही स्प्रिंगा ताणलेल्या नाहीत हे पाहिलं. खूण परत चालायला लागली.

एवढ्यानं ॲव्हरेजचा बराच भाग परत आला असणार. ठिणगी उशिरा पडली की चार्ज जळतो, पण त्यातली उष्णता सायलेन्सरमधून निघून जाते. इंजिन ओढत नाही म्हणून चालवणारा पाय आणखी दाबतो. ‘कार्बोरेटर पेट्रोल पितो’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांत हा चिकटलेला ॲडव्हान्स नेहमी तपासावा. तो पाहायला टायमिंग लाइट आणि दहा मिनिटं लागतात, पण बहुतेक ठिकाणी आयडलचीच खूण बघून लाइट गुंडाळून ठेवतात.

व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला जोडलं तर काटा १३ इंचांवर (पाऱ्याच्या), आणि हळूहळू खालीवर. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलला १८ ते २० इंच दाखवतं. दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा करायचा, म्हणजे कोल्हापुरात १६ ते १८ अपेक्षित. १३ म्हणजे हवेची गळती, किंवा टायमिंग मागे. टायमिंग तर बघून झालं होतं.

गळती शोधायला गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल शिंपडायची पद्धत अजून चालू आहे; ती बंद व्हावी. फवाऱ्याच्या बाटलीतलं पाणी पुरतं. कार्बोरेटरच्या थ्रॉटल शाफ्टच्या दोन्ही टोकांवर पाणी मारलं तसा इंजिनचा आवाज बदलला आणि काटा क्षणभर वर गेला. डायल गेजनं शाफ्टचा खेळ मोजला: ०.२५ मिमी. शिवाय कार्बोरेटरची फ्लँज वाकलेली होती. गळती थांबावी म्हणून कुणीतरी दोन्ही नट जोर लावून आवळले होते, आणि त्यानंच कान वर उचलले गेले होते.

उद्यमनगरातलं काम

थ्रॉटल शाफ्टला बुश घालणं हे कोल्हापुरात अवघड नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथ, मिलिंग, होनिंग सगळं हाकेच्या अंतरावर आहे. मात्र काम सांगताना माप स्पष्ट द्यावं लागतं, नाहीतर ‘टाइट बसवून देतो’ असं उत्तर मिळतं.

शाफ्ट ८ मिमीचा. बॉडीचं भोक दोन्ही बाजूंनी १० मिमी करायचं, तेही एकाच सेटिंगमध्ये, आरपार एका रेषेत. बॉडी हातात धरून ड्रिल मशीनवर एक बाजू, मग उलटी करून दुसरी, असं केलं तर भोकं एका रेषेत येत नाहीत आणि शाफ्ट अडकतो. बुश गनमेटलचे, बाहेरून १०.०२ मिमी, आतून बसवल्यानंतर ८.०३ मिमीला रीमर. कार्बोरेटरच्या बॉडीचा धातू मऊ असतो. बुश दाबताना ०.०२ पेक्षा जास्त इंटरफिअरन्स ठेवला तर बॉडी तडकते, म्हणून सोबत रिटेनिंग कंपाउंड वापरावं. नवा शाफ्ट सिल्व्हर स्टीलचा, जुन्यावरून खाच कापून घेतलेला.

बटरफ्लायच्या (शाफ्टवर फिरणाऱ्या थ्रॉटलच्या चकतीच्या) कडा तिरक्या घासलेल्या असतात. ती उलटी बसली तर पूर्ण बंद होत नाही. बसवून झाल्यावर बॉडी उजेडाकडे धरून पाहावी, सगळीकडून सारखी बारीक रेघ दिसली पाहिजे. बटरफ्लायचे दोन छोटे स्क्रू नवीन घालायचे, थ्रेडलॉक लावायचा आणि मागून टोक ठोकून पसरवायचं. ते सैल झाले तर थेट सिलिंडरमध्ये जातात.

फ्लँज काचेवर ४०० नंबरचा पेपर ठेवून, आठच्या आकड्यात फिरवत सपाट केली. ०.०५ चा फीलर कुठे शिरत नाही तोवर. खाली जुना पातळ गॅस्केट होता, त्याजागी ८ मिमीचा बेकेलाइटचा स्पेसर घातला. त्याचं कारण पुढे येतं.

काळा धूर कुठून

फ्लोट चेंबरचं झाकण काढून पेट्रोलची पातळी मोजली तर ती कंपनीच्या मापापेक्षा ४ मिमी वर. या सोलेक्समध्ये पातळी नीडल व्हॉल्व्हखालच्या वॉशरच्या जाडीवर ठरते. जाड वॉशर घातला की व्हॉल्व्ह खाली येतो, फ्लोट लवकर बंद करतो आणि पातळी उतरते. इथे पातळ तांब्याचा वॉशर निघाला. अगोदरच्या कुणीतरी, गळतीमुळे लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालेली गाडी ‘रिच’ (पेट्रोल जास्त) करण्यासाठी हा उपाय केलेला दिसतो. त्यामुळे गाडी चालायला लागली असेल, पण गरम झाल्यावर मुख्य नोझलमधून पेट्रोल आपोआप टपकू लागलं.

गरम इंजिन सुरू न होण्याला दोन वेगळी कारणं असतात, आणि त्यांचे उपायही वेगळे. व्हेपर लॉकमध्ये पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरला पेट्रोलच मिळत नाही. पंपाच्या काचेत किंवा पारदर्शक फिल्टरमध्ये पाहिलं तर ते रिकामं दिसतं. परकोलेशनमध्ये उलटं होतं. इंजिन बंद केल्यावर खालची उष्णता चढून फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळतं आणि मॅनिफोल्डमध्ये ओघळतं. ओळखायची खूण अशी: ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, पंप करायचा नाही, आणि स्टार्टर फिरवायचा. काळा धूर सोडत इंजिन पकडलं तर परकोलेशन. या गाडीत तेच होतं. वॉशर १ मिमी जाडीचा घातल्यावर पातळी मापाला आली, आणि बेकेलाइटच्या स्पेसरमुळे बॉडी कमी तापू लागली. पेट्रोलचा लोखंडी पाइप एक्झॉस्टपासून दोन बोटं दूर वळवून घेतला.

पंपाचा दाब टी-जोड लावून तपासला, ३ पीएसआय. बाजारात मिळणाऱ्या काही नव्या पंपांची स्प्रिंग कडक असते आणि दाब पाचच्या पुढे जातो. तसा पंप असेल तर नवा नीडल व्हॉल्व्हही गळतो, आणि दोष उगाच व्हॉल्व्हवर जातो.

अडखळण्याचं मुख्य कारण ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम निघाला. इंजिन बंद ठेवून वरून घशात पाहत पेडल दाबलं, तर पेट्रोलची पिचकारी पेडलच्या अर्ध्या प्रवासानंतर येत होती. डायफ्रॅम चामड्यासारखा ताठ झाला होता. इथेच इथेनॉलचा विषय सुरू होतो.

वीस टक्के इथेनॉल आणि ५७० मीटर उंची

२०२५ पर्यंत देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. पंचगंगेच्या खोऱ्यातला ऊस कारखान्यात जातो आणि त्याच उसाचा एक भाग पेट्रोलच्या टाकीत परत येतो. कोल्हापूरकराला त्याचं वावडं असायचं कारण नाही, पण १९७८ च्या कार्बोरेटरला हिशेब बदलून द्यावा लागतो.

शुद्ध पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलच्या किलोला ९. वीस टक्के मिश्रणाला सुमारे १३.५. जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) तेच ठेवलं तर इंजिन जवळपास ८ टक्के लीन चालतं. उलट, विरळ हवेत कार्बोरेटर रिच होतो, पण हवेच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. ६ टक्के विरळ हवेला सुमारे ३ टक्के. दोन्हींची वजाबाकी केली तर कोल्हापुरात ही गाडी मूळ सेटिंगपेक्षा साधारण ५ टक्के लीन चालणार. आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेली की उंचीची ती ३ टक्क्यांची मदतही जाते.

हे अंदाजानं न ठरवता वाइडबँड लॅम्डा सेन्सर लावून पाहिलं. लॅम्डा १ म्हणजे हवा नेमकी पुरेशी; आकडा वर गेला की लीन, खाली आला की रिच. सेन्सरची बैठक मॅनिफोल्डच्या फ्लँजपासून ४५ सेंमी खाली वेल्ड केली, आडव्या रेषेपेक्षा वर तोंड करून, म्हणजे थंड सायलेन्सरमधलं पाणी सेन्सरवर साचत नाही. एक्झॉस्टचा गॅस्केट फुटका असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन आकडा खोटा लीन दिसतो, आयडलला जास्तच. म्हणून तो आधी बदलला. मीटर लॅम्डावर ठेवावा, हवा-पेट्रोल गुणोत्तरावर नको. गुणोत्तराचं मीटर शुद्ध पेट्रोल धरून आकडा दाखवतं. इथेनॉल कितीही असलं तरी लॅम्डा १ म्हणजे १.

गळती, फ्लोट, ॲडव्हान्स आणि डायफ्रॅम दुरुस्त केल्यानंतरचे आकडे असे. आयडल ०.९७, पण मिक्श्चर स्क्रू साडेतीन फेरे बाहेर. हायवेला शिरोली ते किणी टोलनाका, ताशी ६० ला स्थिर, १.१०. वाघबीळच्या पुढच्या चढावर पूर्ण थ्रॉटल, ०.९८. या चढाला ०.८६ ते ०.९० हवं. चढावरची खडखड ही लीन मिश्रणाची होती, घट्ट एक्झॉस्ट टॅपेट त्यात भर घालत होते.

मेन जेटवर ११५ कोरलेलं होतं. सोलेक्सच्या जेटचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. पण आकड्यावर विश्वास ठेवू नये. तारेनं साफ केलेली, रीमर मारलेली, झाळून परत पाडलेली जेट सर्रास सापडतात. पिन गेजनं पाहिलं: १.१५ ची पिन गेली, १.१७ ची नाही. जेट खरं होतं.

भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात वाढतं. ११७.५ चं जेट ४.४ टक्के जास्त पेट्रोल देतं, १२० चं ८.९ टक्के. ११७.५ घातलं असतं तर हायवेला १.०५ आणि चढावर ०.९४. गावात आणि हायवेला हे चाललं असतं, ॲव्हरेजही थोडं बरं मिळालं असतं. पण कोकणातून परत येताना आंबा घाटाच्या पायथ्याला तोच आकडा ०.९७ झाला असता, चार माणसं आणि सामान घेऊन. म्हणून १२०. बसवल्यावर हायवेला १.०१ आणि चढावर ०.९०. पन्हाळ्याच्या माथ्यावर, म्हणजे कोल्हापूरपेक्षा ४०० मीटर वर, तो आणखी दोनेक टक्के रिच होतो, ०.८८ नं काही बिघडत नाही.

आयडलचं पायलट जेट ४५ वरून ४७.५ केलं. मग मिक्श्चर स्क्रू दोन फेऱ्यांवर आला आणि त्याला दोन्हीकडे जागा मिळाली. लॅम्डा ०.९६, पीयूसीच्या मशीनवर कार्बन मोनॉक्साइड १.५ टक्के. एवढ्या जुन्या गाडीला मर्यादा ३ टक्क्यांची आहे. व्हॅक्यूमचा काटा १७ इंचांवर, स्थिर.

प्लगच्या रंगावरून मिश्रण ओळखायची सवय इथे सोडून द्यावी. इथेनॉलच्या पेट्रोलवर प्लग फिकटच दिसतो, आणि तो पाहून जेट वाढवत बसलं तर गाडी विनाकारण रिच होते.

रबराच्या सगळ्या नळ्या काढून जे३० आर९ खुणेच्या, आत फ्लोरोइलॅस्टोमरचा थर असलेल्या घातल्या. साधी काळी नळी बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून सोलते. ते तुकडे जाऊन नीडल व्हॉल्व्हमध्ये बसतात. डायफ्रॅम आणि नीडलची रबरी टीपही इथेनॉल सोसणारी.

मग इंजेक्शनचं काय

इंजेक्शनचा खरा फायदा मान्य करायलाच हवा. लॅम्डा सेन्सरवर चालणारं इंजेक्शन उंची, इथेनॉल आणि तापमान यांचा हिशेब स्वतः करतं. वर जेटचा जो ऊहापोह झाला, तो त्याला लागत नाही. थंडीत चोक ओढायला नको. परकोलेशन नाही, कारण पेट्रोल ३ बार दाबाखाली असतं आणि फिरत राहून टाकीत परत जातं.

पण ते या गाडीत आणायला काय लागतं? कार्बोरेटरच्या जागी बसणारी, एक किंवा दोन इंजेक्टरची थ्रॉटल बॉडी हा सोपा मार्ग. इंजेक्टर किती मोठा, याचं गणित अवघड नाही: सुमारे ४० अश्वशक्तीला मिनिटाला साधारण २१० सीसी पेट्रोल, इंजेक्टर ८० टक्क्यांपर्यंतच उघडा ठेवायचा म्हणून २६०, इथेनॉलसाठी आणखी ८ टक्के. म्हणजे एकूण ३०० सीसीचा पुरतो. लोक मोठा बसवतात आणि मग आयडल सांभाळता येत नाही, कारण फार थोडा वेळ उघडल्यावर कोणताही इंजेक्टर नेमकं माप देत नाही.

अडचणी बाकीच्या आहेत. पद्मिनीच्या टाकीत पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारी वाटी नाही; टाकी पाव भरलेली असताना घाटातल्या वळणावर पंप हवा ओढतो. त्यासाठी वेगळी छोटी सर्ज टाकी, दुसरा पंप, परतीचा पाइप. जुनी टाकी आतून गंजलेली असेल तर इथेनॉल तो गंज सोडवतं आणि इंजेक्टरची जाळी भरते. क्रँकपुलीवर दात्यांचं चक्र आणि सेन्सर हवा, मॅनिफोल्ड दाबाचा, पाण्याच्या आणि हवेच्या तापमानाचा, थ्रॉटलच्या स्थितीचा सेन्सर हवा. पंप, इंजेक्टर आणि लॅम्डाचा हीटर मिळून ८ ते १० अँपिअर जादा खातात. डायनॅमोच्या गाडीत हेडलाइट लावून आयडलला उभं राहिलं की बॅटरी उतरायला लागते, म्हणजे अल्टरनेटरही आला. तांब्याच्या साध्या एचटी (प्लगकडे जाणाऱ्या) वायरी ईसीयूला, म्हणजे इंजेक्शनच्या कॉम्प्युटरला, गोंधळात टाकतात, त्यांच्या जागी रेझिस्टन्सच्या वायरी आणि प्लग. आणि अपघातात इंजिन थांबलं तर पंप बंद करणारा रिले. तो नसलेली घरगुती जुळवणी रस्त्यावर आणू नये.

मारुती ८०० चं उदाहरण लगेच दिलं जातं. तिथे कार्बोरेटरवरून २००० साली कंपनीनंच इंजेक्शनवर बदल केला; मॅनिफोल्ड, टाकी, वायरिंग, सगळं त्या गाडीसाठी तयार झालेलं होतं आणि मोडीतल्या गाडीतून पूर्ण संच उचलता येतो. पद्मिनीला तसा संच नाही. प्रत्येक तुकडा जुळवायचा, आणि रस्त्यात बंद पडली तर गगनबावड्याच्या मिस्त्रीकडे तिचा लॅपटॉप नाही.

निर्णय मात्र आणखी एका गोष्टीनं झाला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली व्हिंटेज गाड्यांची तरतूद आली. ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी, मूळ स्वरूपात असेल आणि चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल केलेला नसेल, तर तिला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळू शकते. ही गाडी २०२८ मध्ये पन्नाशी गाठते. आज इंजेक्शनसाठी इंजिनाच्या बाजूचं सगळं बदलायचं आणि दोन-तीन वर्षांत तोच बदल नोंदणीच्या आड यायचा, हे मालकांना पटलं नाही. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही, हा त्यातला तोटा त्यांना सांगितला. त्यांचा वापर पाहता तो फारसा नडणारा नाही.

गाडी रोज पुणे-बेळगाव करणारी असती, टाकी आणि अल्टरनेटर आधीच बदललेले असते आणि मूळपणाची फिकीर नसती, तर शिफारस इंजेक्शनची झाली असती.

काम झाल्यानंतर टाकी भरून टाकी भरेपर्यंतच्या मोजणीत ॲव्हरेज १२.५ किलोमीटर आलं. वीस टक्के इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा ६ ते ७ टक्के कमी असते, त्यामुळे जुन्या पेट्रोलवरच्या आकड्याची अपेक्षा धरू नये. चढावरची खडखड गेली, गरम इंजिन दुसऱ्या फिरकीत पकडतं.

गाडीसोबत मालकांकडे तीन गोष्टी दिल्या आहेत: ११५ आणि ११७.५ ची जेट वेगळ्या पुड्यांत, वरचे सगळे आकडे लिहिलेलं कार्ड, आणि लॅम्डाच्या बैठकीचं झाकण. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवायची. रिकाम्या जागेतली दमट हवा टाकीत पाणी सोडते, इथेनॉल ते शोषतं आणि प्रमाण वाढलं की पाण्यासकट तळाला बसतं. पंप नेमका तळातूनच ओढतो. तसं झालं तर जेटशी खेळू नये, टाकी आणि फ्लोट चेंबर रिकामं करून ताजं पेट्रोल भरावं.